एमओयूचे सर

कला महाविद्यालयात चित्र काढणारे सर असतात, शिल्प करणारे सर असतात, आणि दोन्ही न करता दोन्हींवर बोलणारे सर तर पूर्वापार असतातच. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यांत चौथ्या जातीची भर पडली आहे. हे सर करार करतात. दारावरच्या पाटीवर ‘समन्वयक’ असं लिहिलेलं असतं. विद्यार्थी, शिपाई आणि कँटीनवाला मात्र त्यांना एमओयूचे सर म्हणूनच ओळखतात. आमच्या जिल्ह्यातले जे आहेत त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तुमच्या जिल्ह्यातल्यांचं वर्णन त्यांच्याशी तंतोतंत जुळणार आहे.

वय पन्नाशीच्या आतबाहेर. केस कलावंताला शोभतील इतके लांब आणि प्राचार्यांना चालतील इतके आखूड. एरवी बुशशर्ट, कार्यक्रमाच्या दिवशी खादीचा झब्बा आणि वर जाकीट. खांद्याला शबनम. तिच्यात स्केचबुक असेल अशी माझी भाबडी समजूत होती. एकदा आमच्या हायस्कुलाच्या स्टाफरूममध्ये चष्मा शोधताना त्यांनी ती टेबलावर पालथी केली, तेव्हा निघालं ते असं: कॉलेजचा गोल शिक्का, स्टॅम्प पॅड, दोन कोरे स्टॅम्पपेपर, दुहेरी चिकटपट्टी, फुलवातींची पुडी आणि काडेपेटी.

“काडेपेटी?” मी विचारलं.

“अहो सर, दीपप्रज्वलनाला समई असते, तेल असतं, पाहुणे असतात. काडेपेटी कधीच नसते. मग शिपाई बिडी ओढणारा आहे का, ते शोधावं लागतं.”

शबनमच्या तळाशी घडी घातलेला फ्लेक्स होता. त्यावर डावीकडे त्यांच्या कॉलेजचं नाव आणि बोधचिन्ह, मधोमध ‘यांच्या संयुक्त विद्यमाने’, आणि उजवीकडे कोरी जागा. ज्या संस्थेशी करार असेल तिचं नाव कागदावर छापून आणायचं आणि चिकटपट्टीने तिथे डकवायचं. फ्लेक्स एक, संस्था अनेक. आमच्या हायस्कुलाचं नाव डकवलं त्या दिवशी मागच्या पाहुण्या संस्थेच्या नावातला ‘दंत’ तेवढा कडेने डोकावत होता.

हे सगळं कशासाठी, असं नवख्याला वाटेल. नॅकसाठी. नॅकचे लोक कॉलेज तपासायला येतात तेव्हा तिसऱ्या निकषात सहकार्य नावाचा भाग असतो. किती संस्थांशी करार केले, त्यांखाली काय काय उपक्रम झाले, पुरावा काय. पुरावा म्हणजे जिओटॅग फोटो, ज्यात खाली अक्षांश-रेखांश आणि तारीख उमटलेली असते. सरांच्या मोबाइलमध्ये पोटच्या मुलाचे फोटो कमी आणि अक्षांश-रेखांश जास्त आहेत. कॉलेजात जे कोणी करत नाही ते त्यांच्या गळ्यात पडलं आणि मग त्यांना त्याची गोडी लागली. पूर्वी ते खरंच चित्र काढत. प्राचार्यांच्या केबिनमध्ये वाईच्या घाटाचं एक जलरंगातलं निसर्गचित्र आहे, ते यांचं. दगडी पायऱ्यांवरचं ऊन त्यांनी रंग न लावता, नुसता कागद कोरा सोडून आणलं आहे. हात असा. हल्ली काही काढता का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं:

“नॅक झालं की.”

नॅक एकदा झालंही. मग पुढच्या नॅकची तयारी सुरू झाली.

आमच्या नगरपरिषदेच्या हायस्कुलावर त्यांची नजर गेली ती आमच्या चित्रकलेच्या नावामुळे. मी तिथे मराठी शिकवतो, तेव्हा त्या नावात माझा वाटा काही नाही. आमची मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना ए ग्रेड घेतात, त्यांतली काही पुढे कला महाविद्यालयात जातात, एकदोघं थेट मुंबईला जे.जे.त पोचली. गावात कोणाच्या दुकानाची पाटी बरी दिसली तर ती आमच्या माजी विद्यार्थ्याची समजावी. सर पहिल्यांदा आले ते थेट मोठ्या बाईंच्या खोलीत. मीही हजेरीपत्रक घेऊन तिथेच होतो.

“बाई, आपण टाय-अप करू या. तुमचं हायस्कूल, आमचं कॉलेज.”

“खर्च?”

“शून्य!”

“आम्हाला काय करावं लागेल?”

“फक्त सही.”

“आणि तुम्हाला?”

“आम्हीही फक्त सहीच करणार, बाई. बरोबरीचं नातं आहे.”

बाईंनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढी स्वच्छ योजना पाहिली नव्हती. त्यांनी होकार दिला आणि साक्षीदार म्हणून मला बसवलं. करार चार पानी होता. परस्पर सहकार्य, ज्ञानाची देवाणघेवाण, साधनसामग्रीचा यथाशक्य उपयोग, तज्ज्ञांची यथाशक्य उपलब्धता, विद्यार्थ्यांना यथाशक्य मार्गदर्शन. ‘यथाशक्य’ हा सरांचा लाडका शब्द. त्यात ना वार येतो, ना वेळ, ना माणूस. सातव्या कलमात दोन्ही पक्षांनी रुग्णांची गोपनीयता राखण्याची हमी दिली होती. मी बोट ठेवून दाखवलं. सरांनी चष्मा वर करून वाचलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “राहू दे सर, चांगलंच आहे की. स्टॅम्पपेपर परत घ्यायचा म्हणजे पाचशे रुपये.” त्यांचंही खरं होतं. शंभराचा स्टॅम्प २०२४ च्या ऑक्टोबरात पाचशेवर गेला, त्याचं सुतक सर अजून पाळतात. करार झाल्यापासून आमचं हायस्कूल रुग्णांची गोपनीयता कसोशीने राखून आहे.

सह्यांचा समारंभ पटांगणात झाला. शाल, श्रीफळ, पाहुण्यांना रोपटं, प्रास्ताविक, मनोगत. काडेपेटी कामी आली. मग सरांनी पडदा लावून स्लाइड दाखवायला घेतल्या. त्यांचं भाषण नेहमी १८५७ सालापासून सुरू होतं. जमशेटजी जिजीभाईंची देणगी, जे.जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना, रुडयार्ड किपलिंगचा त्याच आवारात झालेला जन्म. किपलिंगपाशी टाळी येते. तिथून सर एकदम उडी मारतात ते बॉस्टनला. बॉस्टन त्यांचा हुकमाचा एक्का.

“अमेरिकेत बॉस्टनला सहा कॉलेजांनी मिळून एक सरकारी कला-हायस्कूल काढलं! सहा कॉलेजांनी! आणि आपण? आपण एकाने तरी सुरुवात करू या!”

पडद्यावर एक भलंमोठं हिरवंगार मैदान आलं. समोर बसलेल्या पाचवी-सहावीत कुजबुज झाली: केवढं ग्राउंड आहे यांना! आमचे पीटीचे सर तर उठूनच उभे राहिले. ते मैदान फेनवे पार्क नावाचं, बेसबॉलचं. शाळा रस्त्याच्या पलीकडे आहे. सरांना इंटरनेटवर शाळेच्या पत्त्यापाशी सगळ्यात झकास दिसलेला फोटो तोच होता.

बाकी माहिती मात्र खरी आहे. मी नंतर मुद्दाम पाहिली. बॉस्टन आर्ट्स अकॅडमी १९९८ साली सुरू झाली. खासगी नव्हे, शहराच्या शाळाखात्याचीच, फुकट. बर्कली हे संगीताचं कॉलेज, बॉस्टन कॉन्झर्व्हेटरी, एमर्सन, मॅसआर्ट, तिथल्या ललितकला संग्रहालयाची कलाशाळा आणि वास्तुकलेचं एक कॉलेज अशा सहा संस्थांचा प्रोआर्ट्स नावाचा संघ होता. त्या संघाने शाळाखात्याला सोबत घेऊन शाळा उभी केली. प्रवेश देताना मुलाचे आधीचे गुण बघत नाहीत. नाचून दाखव, वाजवून दाखव, चित्रं आण आणि दाखव. २०२२ साली त्याच जागी नवी इमारतही झाली. म्हणजे तिथे कराराच्या शेवटी शाळा निघाली. आमच्याकडे कराराच्या शेवटी फोटो निघतो, आणि तो काढताना सर आधी सगळ्यांना फ्लेक्सच्या उजव्या बाजूला सरकवतात, म्हणजे ‘दंत’ झाकला जातो.

खरी गंमत सर उडी मारताना जे ओलांडून जातात तिथे आहे. त्या सहांपैकी मॅसआर्टचा जन्मच शाळेतल्या चित्रकलेच्या तासापायी झाला. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७० साली कायदा करून सार्वजनिक शाळांत चित्रकला आणली. विषय आणला तर शिकवायला माणसं हवीत, म्हणून १८७३ साली नॉर्मल आर्ट स्कूल काढलं. तेच आजचं मॅसआर्ट. ते चालवलं इंग्लंडहून आधीच बोलावलेल्या वॉल्टर स्मिथनी. ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या पठडीतले. आता इकडे बघा. जे.जे.त १८६५ साली शिकवायला आलेले ग्रिफिथ्स आणि रुडयार्डचे वडील लॉकवुड किपलिंग हेही त्याच साउथ केन्सिंग्टनचे. आणि १८९३ साली जे.जे.तही चित्रकला शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. बॉस्टन आणि बोरीबंदर यांचं नातं इतकं जवळचं. हे मी सरांना उत्साहाने सांगितलं. सरांचे डोळे चमकले. मला वाटलं, पटलं.

“वा! हे स्लाइडमध्ये टाकतो,” सर म्हणाले. आणि टाकलंही. आता किपलिंगनंतर दुसरी टाळी तिथे येते.

जे.जे.च्या त्या वर्गातून, आणि पुढे एटीडी ही चित्रकला शिक्षकाची पदविका करून, जी माणसं महाराष्ट्रभर गेली त्यांना आपण ड्रॉइंग मास्तर म्हणतो. आमच्याकडेही एक होते. आमच्या शाळेचं चित्रकलेतलं नाव त्यांच्यामुळे. सकाळी सातला शाळा उघडायच्या आधी व्हरांड्यात स्टूल, स्टुलावर चुरगळलेली चादर, चादरीवर तांब्या, दोन वांगी आणि एक बूट, असा त्यांचा संसार मांडलेला असे. बूट शिपायाचा; त्या वेळात शिपाई एका पायाने अनवाणी फिरे. वस्तुचित्र झालं की स्मरणचित्र, मग संकल्पचित्र, मग कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. रेखाकला परीक्षेचा हा चौरंगी अभ्यास त्यांनी कितीतरी पिढ्यांकडून घोटून घेतला. त्यांच्या काळी एटीडीला किंवा फाउंडेशनला जायचं तर इंटरमिजिएटचं सर्टिफिकेट आधी मागत. आज बारावीनंतर बीएफएसाठी सीईटी द्यावी लागते. तिचे पेपर बघा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, जोडीला सामान्यज्ञान. हायस्कूल आणि कला महाविद्यालय यांच्यातला करार तो हाच, आणि मास्तर तो रोज सकाळी सातला पाळत होते. त्यांना एमओयू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मुंबईला प्रवेशाच्या वेळी मुलांना घेऊन ते स्वतः एसटीने जात आणि रात्री उशिरा परत येत. त्याचा एकही फोटो नाही. अक्षांश-रेखांश तर नाहीतच.

मास्तर निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही. शिक्षणहक्क कायद्यात कला, क्रीडा आणि कार्यानुभव यांसाठी शंभरावर पट असेल तर अर्धवेळ निदेशक, अशी तरतूद आहे. त्यातून आपल्याकडे ‘अतिथी निदेशक’ हे पद निघालं. नावाप्रमाणेच ते अतिथी; कधी येतील याची तिथी नाही. तोवर चित्रकलेचा तास पीटीच्या सरांकडे आहे. ते मनापासून घेतात. स्मरणचित्राला त्यांच्या वर्गात कायम ‘कबड्डीचा सामना’ हाच विषय असतो आणि रेषेला पाय लागला की ते मार्क कापतात. पालकांचं म्हणणं एवढंच की इंटरमिजिएटला ए ग्रेड आली पाहिजे, कारण दहावीला सात गुण वाढीव मिळतात. बी असेल तर पाच, सी असेल तर तीन. सातपलीकडे चित्रकलेत काही आहे, असं त्यांच्या कानावर आलेलं नाही.

म्हणून, खरं सांगायचं तर, सरांचा करार झाला तेव्हा मला आशा वाटली होती. कॉलेजात मास्तर आहेत, इथे मुलं आहेत. आठवड्यातून एक दुपार कोणी आलं तरी भागलं. वर्षभरात एक कार्यशाळा झाली. तीही मार्चमध्ये, अहवाल पाठवायच्या आधी.

आमची चाळीस मुलं एसटीने त्यांच्या कॉलेजात गेली. सोबत मी आणि पीटीचे सर. अँटिक रूममध्ये प्लास्टरचे ग्रीक पुतळे ओळीने उभे होते. कोणाला हात नाही, कोणाला नाक नाही. आठवीतल्या एका मुलाने आमच्या पीटीच्या सरांना हळूच विचारलं, “सर, हे पूर्वी कबड्डी खेळायचे का?” त्यांनी मान डोलावली.

हॉलमध्ये गेल्या गेल्या सह्यांचा कागद फिरला. त्यापाठोपाठ अभिप्राय फॉर्म आले. “आत्ताच भरून टाका मुलांनो, नंतर घाई होते,” असं सर म्हणाले, तेव्हा मुलांनी अजून पेन्सिलही काढली नव्हती. एका मुलीने ‘कार्यशाळा कशी वाटली?’ याच्यापुढे ‘वाटेल’ असं लिहिलं. ती माझ्या वर्गातली. क्रियापदाचा काळ तिने अचूक ओळखला होता. मग फोटो. फोटोसाठी ब्रश वर. दुसरा फोटो, ब्रश कागदावर. एका मुलाचं चित्र तोवर पूर्ण झालं होतं, तो कागद वाळवत उभा होता. त्याला परत बसवून कोरड्या ब्रशने चित्र काढल्याचं दाखवायला सांगितलं गेलं. पुढे अहवालात लाभार्थी १२० झाले, कारण सत्रं तीन होती आणि तिन्ही सत्रांत तीच चाळीस मुलं होती.

पण त्या दुपारी मधेच एक गोष्ट घडली, जी अहवालात नाही. सर फोटोचा कोन बघत मागे मागे सरकत होते आणि त्यांची पाठ एका मुलीच्या बोर्डाला लागली. त्यांनी वळून कागदाकडे पाहिलं. तिने तांब्या काढला होता. तांब्याचं तोंड छान लांबट गोल आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ. निम्म्या महाराष्ट्राचा तांब्या असाच असतो.

सर थांबले. “हे बूड सपाट का केलंस, बाळ?”

“टेबलावर ठेवलाय ना सर. टेबल सपाट आहे.”

“बरोबर. पण तू कुठून बघतेयस? तुझा डोळा कुठे आहे?” सर गुडघे मोडून तिच्या शेजारी जमिनीवर बसले. झब्बा पांढरा होता, तिकडे लक्ष नाही. त्यांनी तिची पेन्सिल घेतली, हात लांब करून एक डोळा मिटला. “तांब्याचं तोंड तुझ्या डोळ्याच्या जवळच्या पातळीला, म्हणून तिथला इलिप्स चपटा दिसतो. बूड त्याच्याहून खाली. जितकं खाली जाशील तितका इलिप्स जास्त उघडतो. वरून विहिरीत बघितल्यावर कशी गोल दिसते? तसं. म्हणजे बूड तोंडापेक्षा जास्त गोल. काढ.” तिने काढलं. “अजून. घाबरू नकोस, रेघ खोडू नकोस, दुसरी मार.” तिने मारली. तांब्या कागदावर बसला. शेजारची मुलं आपापले बोर्ड घेऊन सरकली. सर एकेकाच्या कागदावर इलिप्स सोडवत राहिले. कानामागे पेन्सिल, तोंडाने नुसतं “हां… हां… थांब… हां.” एवढ्या वेळात त्यांनी ‘यथाशक्य’ हा शब्द एकदाही वापरला नाही. वाईचा तो घाट काढणारा माणूस हाच, याची मला तेव्हा खात्री पटली. पीटीचे सरही वाकून बघत होते आणि तांब्याच्या बुडाशी बोट फिरवत होते.

तेवढ्यात फोटोवाला पोरगा आला. “सर, समारोपाचे पाहुणे आलेत. आणि काडेपेटी तुमच्याकडे आहे.”

सर उठले, गुडघे झटकले, कानामागची पेन्सिल त्या मुलीला परत दिली आणि शबनम उचलली. जाता जाता मला म्हणाले, “असं दर आठवड्याला करायला पाहिजे हो सर.”

“या की. करार आहेच आपला.”

“येतो ना. नॅक झालं की.”

ती मुलगी या वर्षी इंटरमिजिएटला बसते आहे. आमच्याकडची मास्तरांची जागा अजून रिकामीच आहे. सरांनी तोवर आणखी चार शाळांशी करार केले, आणि रुग्णांची गोपनीयता आता तालुकाभर सुरक्षित आहे.

तुमच्या शाळेतही ते एक दिवस येतीलच. आले की परत पाठवू नका, बसवा, चहा द्या, सही जरूर करा. माणूस चांगला आहे आणि हात त्याहून चांगला. फक्त सही करण्याआधी ‘यथाशक्य’ दिसेल तिथे तिथे तो खोडा आणि वर वार, वेळ आणि येणाऱ्याचं नाव लिहून घ्या. सर कुरकुर करतील, पाचशेच्या स्टॅम्पची आठवण काढतील, ऐकू नका. आणि कार्यशाळेत ते कधी एखाद्या मुलीच्या तांब्यापाशी खाली बसलेले दिसले, तर तेवढं एक काम माझ्यासाठी करा: फोटोवाल्या पोराला चहाला म्हणून बाहेर घेऊन जा, आणि तासभर परत येऊ देऊ नका.